पंधरा मीटर पाइप

हातातली पाणी मारायची गन एकदा थुंकली, दोनदा थुंकली, आणि मग तिच्या तोंडातून पाणी नुसतंच गळायला लागलं. मी पोहण्याच्या तलावाच्या तळाशी उभी होते, खोल बाजूला, पाणी असतं तर माझ्या डोक्यावर आणखी एक माणूस उभा राहून बुडाला असता अशा जागी. पाणी नव्हतं. वर्षातून एकदा तलाव रिकामा करतात, वर्षभराचं शेवाळ आणि चिकटा धुऊन काढतात आणि पुन्हा भरतात. यंदा ते धुणं माझ्याकडे होतं. सकाळी सातपासून मी उथळ बाजूने खाली खाली येत होते आणि माझ्या मागे फरशी अशी निळी निघाली होती की बघून हसू येत होतं. पुढे मात्र अजून सगळं हिरवं. निळं संपून हिरवं सुरू होतं ती रेघ माझ्या बुटांच्या टोकापाशी होती आणि ती आता पुढे सरकत नव्हती. पाण्याला दाब देणारं मशीन वर काठावर घोंघावत होतं, नळ चालू होता, सगळं जिथल्या तिथे होतं, फक्त दाब गेला होता. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळात अकरा चाळीस झाले होते. तीन वाजता पंपवाला व्हॉल्व उघडणार होता, मग तळ धुऊन झालेला असो वा नसो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मुलांचा पहिला वर्ग होता, तलाव भरायला पंधरा तास लागतात, आणि त्या हिशेबाला माझ्या अडचणीशी काही देणंघेणं नव्हतं.

खरं सांगते, तोंडचं पाणी पळालं. आणि त्याच्या पाठोपाठ, अगदी त्याची शेपटी धरून, दुसरीच एक लहर आली आणि ती भीतीची नव्हती, मजेची होती. चोपन्नाव्या वर्षी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, नवऱ्याची जुनी पावसाळी पँट, चष्म्यावर आणखी एक चष्मा, अशा अवतारात रिकाम्या तलावात उभी असलेली बाई घाबरायचं सोडून मनात म्हणते, चला, आता शोधायचं. मला स्वतःचंच नवल वाटलं.

हे मशीन मी स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर तिसऱ्या महिन्यात आणलं. एकदा रस्त्याने जाताना एका दवाखान्याच्या पायऱ्या धुताना पाहिल्या होत्या. काळ्याकुट्ट पायरीवरून पाण्याची एक रेघ फिरली आणि मागे पांढरा पट्टा राहिला. तो पट्टा पाहून मला जे झालं ते लग्न ठरलं तेव्हाही झालं नव्हतं. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "हे आपलं काम नव्हे." मशीन दारात आलं तेव्हा म्हणाला, "राहू दे. पण पायात येता कामा नये." नवरा पार्सल ऑफिसात चौतीस वर्षं बांधाबांधी करून निवृत्त झालेला. आमचं घर दोन खोल्यांचं, आणि दोन खोल्यांत माणसाने नीट राहायचं तर वस्तू भिंतीवर गेली पाहिजे हा त्याचा धर्म. छत्री खिळ्यावर, चाळण खिळ्यावर, चपला पिशवीत आणि पिशवी खिळ्यावर. वजनकाटासुद्धा खिळ्यावर, वजन करायचं म्हणजे आधी काटा उतरवायचा, तोवर उत्साह जातो. खिळे मोजायचा मी एकदा प्रयत्न केला होता, एकेचाळीसला सोडून दिला. "वस्तू खिळ्यावर, माणूस ताळ्यावर," असं तो म्हणतो, आणि माझ्याकडे बघून म्हणतो. मशीन त्याने न्हाणीघराच्या माळ्यावर चढवलं. मशीनबद्दल पुढे चार महिने एक शब्द काढला नाही. पण संध्याकाळी मी कुणाचा ओटा, कुणाची गच्ची धुऊन दमून आले की न सांगता पाइप माझ्या हातातून घ्यायचा, पुसायचा, त्याची ताटाएवढी गुंडाळी करायचा, घट्ट, वेढ्यावर वेढा, मग दोन ठिकाणी सुतळीने आवळून दारामागच्या खिळ्यावर टांगायचा. पार्सलाला मारायचा तीच गाठ. मी त्या गुंडाळीलाच त्याचं बोलणं समजून चालले होते.

तलावाचं काम मिळालं तेव्हा मात्र तो बोलला. "एवढं मोठं झेपेल?" एवढंच. त्यात काळजी होती की टोमणा, हे बघायला मी थांबलेच नाही. "नाही झेपलं तर मशीन विकून टाकीन, पुन्हा नाव काढणार नाही," म्हणाले. तो "बरं" म्हणाला. रागाच्या भरात माणूस बोलून जातं आणि मग ते बोललेलं घरात खिळ्यावर टांगल्यासारखं रोज समोर लटकत राहतं. आज सकाळी निघताना दारामागून पाइप काढला तेव्हाही ते तिथेच होतं.

आधी मशीन बंद करायचं, मग गनचा घोडा दाबून आत कोंडलेला दाब सोडायचा, मगच काय ते उघडायचं. हा क्रम चुकला तर पाइपाच्या टोकाचं पितळी कपलिंग थेट तोंडावर येतं. मी शिडी चढून वर गेले, मशीन बंद केलं, खाली येऊन दाब सोडला, गनच्या तोंडाचं नॉझल काढलं आणि पिनेने कोरलं. तिळाएवढा काळा कपटा निघाला. हाच तो, म्हणून आनंदाने झटकून टाकला, पुन्हा वर गेले, मशीन सुरू करून खाली आले. तीन सेकंद झोत असा निघाला की मनात म्हटलं, जितं मया. चौथ्या सेकंदाला गन पुन्हा थुंकली. मग वर जाऊन नळाकडची जाळी काढली. स्वच्छ. तरी धुतली. नॉझल पुन्हा कोरलं, आणखी एक काळा कपटा. शिडीच्या चार खेपांत गुडघे बोलायला लागले, पण माझं लक्ष गुडघ्यांकडे नव्हतं.

"काय ताई, पाण्याने संप केला?" वरून पंपवाला वाकून बघत होता. त्याच्या हातात चहाचा पेला होता आणि चेहऱ्यावर सगळा दिवस मोकळा असल्याची शांतता होती.

"होईल सुरू."

"मागच्या वर्षी सहा माणसं होती, सहा ब्रश. ब्रश काही तुंबत नाही बघा."

"ब्रश बोलतही नाही. नळ पूर्ण सोडलाय ना?"

"पूर्ण. हे बघा, मला वाईट बोलायला लावू नका. तीन म्हणजे तीन. त्या ब्रशवाल्यांना फोन करून ठेवू का?"

"नका करू."

"एकपर्यंत थांबतो," तो म्हणाला. "एक वाजला की करतो. मग ते आले की तुम्ही बाजूला बसायचं." तो वाईट माणूस नव्हता. त्याला तलाव भरायचा होता.

तिसऱ्यांदा नॉझल कोरताना माझं मलाच हसू आलं. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला. सव्वीस वर्षं मी आवक-जावक टेबलावर बसले ती काय माश्या मारायला? ऑफिसात मला कुणी नावाने ओळखत नव्हतं, पण फाइल अडली की मोठे साहेबसुद्धा म्हणत, आवक-जावकबाईंना बोलवा. माणसं अडलेली फाइल शोधतात ती पुढून, जिथे आत आली तिथून. पहिला म्हणतो, माझ्याकडून गेली. दुसरा म्हणतो, माझ्याकडूनही गेली. प्रत्येक जण पुढे बोट दाखवतो आणि दिवस मावळतो. मी उलटी जायचे. जिथून फाइल बाहेर पडायची तिथून सुरुवात करायची, आणि मागे मागे विचारत यायचं, तुमच्याकडे आली का? एक जण "आलीच नाही" म्हणतो आणि त्याच्या मागचा "केव्हाच गेली" म्हणतो. त्या दोघांच्या मधे फाइल असते. ओरडायचं नाही, कुणाला खोटं पाडायचं नाही, फक्त दोन्ही टोकं धरायची. एकदा अशी एका विधवेच्या पेन्शनची फाइल मी शोधली होती, ती सगळ्यात शिस्तीच्या कारकुनाकडे निघाली. त्याचं टेबल डुगडुगायचं, आणि डुगडुगणारं टेबल त्याला सहन होत नसे, म्हणून त्याने पायाखाली काहीतरी जाड सरकवलं होतं. बिचारा रडला होता. त्या दिवशी फाइल हातात घेऊन जिना उतरताना मला हीच मजेची लहर आली होती, आणि घरी येऊन मी ते नवऱ्याला सांगितलं तर त्याने टेबल नेमकं कुठल्या पायात डुगडुगत होतं ते विचारलं होतं.

तर आता गन म्हणत होती, आलंच नाही. मी वर गेले, मशीनच्या तोंडचा पाइप सोडवला आणि मशीन तसंच सुरू केलं. पाणी धाडकन समोरच्या भिंतीवर गेलं आणि पंपवाल्याचा चहा सांडला. मशीन म्हणत होतं, केव्हाच गेलं. मग राहिला मधला पाइप. पंधरा मीटर, काळा, गुळगुळीत, कुठे चीर नाही, कुठे गळती नाही, साध्या चेहऱ्याचा. मी आनंदाने टाळी वाजवली. पंपवाला माझ्याकडे बघत राहिला. पाइप काठावरून लोंबता ठेवून मी पुन्हा खाली उतरले, गन सोडवून त्यातलं पाणी काढलं, आणि तेवढ्यात वरून ओळखीचा आवाज आला.

"बंद पडलं?"

नवरा डबा घेऊन आला होता. मी सांगितलं नव्हतं, तो आपणहून आला होता. दहा फूट खोल खड्ड्यातून त्याच्याकडे बघताना आधी त्याच्या चपला दिसल्या, मग डबा, मग हनुवटी. याच माणसाने या वेळी इथे येऊ नये म्हणून मी सकाळपासून मनात कुणाकुणाला विनवत होते. तो डबा ठेवायला जागा शोधत होता. नजर भिंतीवरून फिरली, खिळा मिळाला नाही, तेव्हा नाइलाजाने त्याने तो बाकावर ठेवला.

"बंद नाही पडलं. अडलंय," मी म्हणाले. "आता आलाच आहात तर वरचं टोक हातात घ्या. मशीनकडचं."

"मी?"

"तुम्हीच. आणि फुंका."

"काय?"

"फुंका हो! पाइपात तोंड घालून फुंका. मी इकडे बघते."

तो इकडेतिकडे बघून, रुमालाने पितळ पुसून, खाली वाकला. मी माझं टोक गालाला लावलं. वर त्याचे गाल फुगले, मान ताठ झाली, चेहरा लाल झाला. इतक्या मनापासून काही करताना मी त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. माझ्या गालाला थंडगार पितळ लागत होतं, बाकी काही नाही. वाऱ्याची झुळूकही नाही. तो पुन्हा फुंकला, पुन्हा काही नाही.

"येतंय?"

"नाही. आता तुम्ही गालाला लावा. मी फुंकते."

मी बाहीने टोक पुसलं, छाती भरून घेतली आणि फुंकले. रबराची कडू चव जिभेवर आली.

"आलं," तो वरून म्हणाला. आवाजात असं आश्चर्य, जणू दुसऱ्या गावाहून फोन लागला. "अगं, चांगलं येतंय. गरम आहे."

"पुन्हा तुम्ही."

तो फुंकला. नाही. मी फुंकले. आलं. आम्ही चार-चारदा केलं. पंपवाला हळूच हात धुवायला निघून गेला, त्याला वाटलं असावं की दोघांचंही डोकं फिरलं. "माझं तुम्हाला पोचतं," मी ओरडले, "तुमचं मला पोचत नाही!" एरवी हे वाक्य मी भांडणात वापरलं असतं, आणि बहुतेक वापरलंही होतं. आज त्यात नुसता हर्ष होता. वाट आहे, पण एकाच बाजूने. म्हणजे कचरा नव्हे. कचरा दोन्हीकडून अडतो. आत काहीतरी सुटलेलं आहे, दारासारखं, एकीकडून ढकललं की मिटणारं आणि दुसरीकडून ढकललं की उघडणारं. ते काळे कपटे कचरा नव्हते, पाइपाचं आतलं रबर होतं. मी गुडघ्यांवर बसले आणि पाइप अंगठ्याखालून सरकवत गेले, हातभर, दोन हात, चार हात. आणि मधोमध एका जागी अंगठा आत गेला. बाहेरून दिसत नव्हतं, पण तिथे पाइप मऊ पडून चपटा झाला होता, बोटाच्या पेराएवढ्या रुंदीत. त्याच्या अलीकडे-पलीकडे, वीतभर अंतरावर, दोन बारीक वळ होते.

"सापडलं!" मी एवढ्या जोराने ओरडले की रिकाम्या तलावाने ते मला तीनदा परत केलं.

आणि पुढचा शब्द घशातच राहिला, कारण तो शब्द होता खिळा. पेराएवढी रुंदी खिळ्याची होती. वळ सुतळीचे होते. चार महिने, रोज संध्याकाळी, ताटाएवढी घट्ट गुंडाळी, एकाच जागी वाकवून, एकाच खिळ्यावर, सगळ्या वजनानिशी. दुसरं कुणी असतं तर पाइप कोपऱ्यात फेकला असता आणि तो वर्षानुवर्षं टिकला असता. मी वर पाहिलं. तो तोंडाभोवती पाइपाचं काळं वर्तुळ घेऊन उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर, देवाशपथ, उत्सुकता होती. मला राग यायला हवा होता. माया आली, इतकी की डोळ्यांवरचे दोन्ही चष्मे धुकटले.

"काय सापडलं?"

"आतलं रबर सुटलंय. पाणी तिकडून आलं की पडदा मिटतो."

"कशाने सुटलं?"

"जुना झाला असेल."

"चार महिन्यांचा आहे."

"मग बनावटच वाईट असेल. ते जाऊ द्या. पाइप उलटा लावायचा. माझं टोक मशीनला, तुमचं गनला. दोन्हीकडे आटे सारखेच आहेत."

मी माझं टोक वर फेकलं, त्याने त्याचं खाली सोडलं. आटे बसवायला त्याला सांगावं लागलं नाही. आवळण्यात त्याचा हात कोण धरणार? "एक वाजायला पाच कमी," पंपवाला दारातून म्हणाला. त्याच्या हातात फोन होता. मी गन दोन्ही हातांनी धरली. वर मशीन घोंघावलं. पाइपात हवा खाकरली, पाइप एखाद्या झोपमोड झालेल्या माणसासारखा अंग ताणत सरळ झाला, क्षणभर काहीच झालं नाही, आणि त्या क्षणात मी मशीन विकलं, माळा रिकामा केला, म्हातारी झाले. मग झोत आला. असा आला की मी दोन पावलं मागे गेले आणि मोठ्याने ओरडले, काय ते आठवत नाही, शब्द नव्हताच तो. हिरव्यात निळी रेघ पडली, दुसरी पडली, बुटांपुढची सीमा सरकायला लागली. पंपवाल्याने फोन खिशात टाकला.

त्यानंतरचे दोन तास मी सांगू शकत नाही, ते असे एका दमात गेले. तोंडावर शेवाळाचे शिंतोडे, कानात गर्जना, हाताला मुंग्या, आणि पायांखाली निळं, निळं. मधेच मागे वळून पाहिलं तर नवरा पँट गुडघ्यांपर्यंत दुमडून शिडी उतरून आला होता आणि माझ्या मागे पाइप उचलून धरत, पीळ पडू न देता, मी पुढे गेले की पुढे येत होता. "वळू देऊ नका," मी ओरडले. "माहीत आहे," तो ओरडला. एवढंच संभाषण. सांगू की नको, सांगू की नको, हे माझ्या डोक्यात झोताबरोबर फिरत होतं. सांगितलं तर तो पाइपाला पुन्हा हात लावणार नाही, आणि न सांगितलं तर नव्या पाइपाचंही हेच होणार. ठरत नव्हतं. दोन बावन्नला तळाच्या जाळीभोवतीचा शेवटचा हिरवा तुकडा गेला.

तीन वाजता पंपवाल्याने व्हॉल्व उघडला. भिंतीतल्या तोंडांतून पाणी आलं आणि स्वच्छ तळावर पसरत गेलं. "मागच्या वर्षी एवढा निळा नव्हता," एवढं बोलून तो पंपघरात गेला आणि तिथल्या भिंतीवर, ब्रशवाल्यांच्या नंबरावर पेन्सिलीने काट मारून, माझा नंबर लिहून घेतला. मी तो त्याला दोनदा चुकीचा सांगितला, इतकी हरखले होते.

आम्ही बाकावर बसलो. डबा मधे. मी खात होते आणि नवरा सवयीने पाइप गुंडाळायला लागला होता, ताटाएवढा, वेढ्यावर वेढा. मग त्याचा हात थांबला. अंगठा एका जागी आत गेला होता. त्याने तो काढला, पुन्हा तिथेच ठेवला. अलीकडचा वळ पाहिला, पलीकडचा पाहिला. खिशातून सुतळी काढली आणि वळावर ठेवून बघितली. पार्सल उघडं पडलं तर कुणाची गाठ सुटली हे तो लांबून सांगत असे, असं त्याच्या ऑफिसातले लोक म्हणायचे.

"ही माझी गाठ आहे," तो म्हणाला.

"फरशीवर घासला असेल हो."

"खोटं बोलू नकोस. मीच तोडला हा." त्याने सुतळी वळावरून उचलली. "तुला केव्हा कळलं?"

"झोत यायच्या आधी."

"आणि बोलली नाहीस."

"आधी दाब हवा होता. भांडण काय, घरी जाऊनही करता आलं असतं."

तो हसला नाही. सुतळी खिशात घातली, केलेली गुंडाळी सगळी सोडली आणि पुन्हा सुरुवात केली, सावकाश, दोन्ही हात पसरून मोठे मोठे सैल वेढे घेत. पंधरा मीटर त्याच्या हातांत मावेना. एक वेढा निसटून माझ्या मांडीवर आला, मी तो धरून ठेवला.

"असा गुंडाळला तर खिळ्यावर राहायचा नाही," मी म्हणाले.

"नाही राहणार."

"माळ्यावरही जायचा नाही. नवा आणला तरी असाच ठेवावा लागेल."

"जमिनीवर ठेवू."

"दोन खोल्यांत? जाता-येता पायात येईल."

त्याने वर पाहिलं. तोंडाभोवतीचं काळं वर्तुळ अजून तसंच होतं, मी ते अजून सांगितलं नव्हतं.

"येऊ दे पायात," तो म्हणाला.